इंग्रजी वाक्य उलगडून बघताना: व्याकरणातल्या नावांची पहिली ओळख

इंग्रजी व्याकरण नव्याने शिकायला घेतलं की बहुतेक जण यादीपासून सुरुवात करतात. नाउन, प्रोनाउन, ॲडजेक्टिव्ह अशा आठ जाती, त्यांच्या व्याख्या, मग बारा काळांचा तक्ता. व्याख्या पाठ होतात, तक्ताही होतो, आणि तरी समोर अनोळखी वाक्य आलं की त्यातलं क्रियापद कुठलं हे सांगताना अडखळायला होतं. कारण ही नावं शब्दांना कायमची चिकटलेली नसतात. एखादा शब्द त्या वाक्यात जे काम करतो, त्या कामाचं ते नाव असतं, आणि काम बघायचं तर वाक्य समोर हवं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी वाक्याचा सांगाडा, मग शब्दांच्या जाती, आणि काळ सगळ्यात शेवटी.

इंग्रजी उदाहरणं देवनागरीत दिली आहेत. वहीत उतरवताना मात्र ती इंग्रजी स्पेलिंगनेच लिहा, कारण शब्दांच्या शेवटी लागणाऱ्या एस, ईडी, आयएनजी यांच्याकडे आपल्याला सारखं बघायचं आहे.

आधी जागेचं महत्त्व

‘कुत्रा मांजराला चावला’ म्हणा किंवा ‘मांजराला कुत्रा चावला’ म्हणा, चावणारा कुत्राच. ‘मांजराला’ या शब्दातल्या ‘ला’ने काम पक्कं करून ठेवलंय, त्यामुळे शब्द इकडचे तिकडे झाले तरी बिघडत नाही. इंग्रजी नामाला असा प्रत्यय लागत नाही. ‘द डॉग बिट द कॅट’ यात कुत्रा चावतो आणि ‘द कॅट बिट द डॉग’ यात मांजर चावतं. शब्द तेच, फक्त जागा बदलल्या. क्रियापदाच्या आधी येतो तो सब्जेक्ट म्हणजे कर्ता, आणि नंतर येतं ते ऑब्जेक्ट म्हणजे कर्म. मराठीचा सरळ क्रम कर्ता, कर्म, क्रियापद. इंग्रजीचा कर्ता, क्रियापद, कर्म.

सर्वनामांत तेवढी विभक्तीची खूण उरली आहे: आय आणि मी, ही आणि हिम, शी आणि हर, वी आणि अस, दे आणि देम. यातलं पहिलं रूप कर्त्याच्या जागी बसतं, दुसरं कर्माच्या. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे चाचणीसाठी लागेल.

पहिली पायरी: क्रियापद पकडा

‘क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद’ ही व्याख्या नवशिक्याला हमखास गोत्यात आणते. ‘माय सिस्टर वॉन्ट्स टू लर्न ड्रायव्हिंग’ हे वाक्य घ्या. क्रिया तर तीन दिसतात: हवं असणं, शिकणं, गाडी चालवणं. यातलं वाक्याचं क्रियापद कुठलं? वाक्य गेल्या वर्षात नेऊन बघा: ‘लास्ट इयर माय सिस्टर वॉन्टेड टू लर्न ड्रायव्हिंग.’ बदललं ते फक्त ‘वॉन्ट्स’. काळाबरोबर बदलतं ते फायनाइट व्हर्ब, आणि वाक्य त्याच्यावर उभं असतं. ‘टू लर्न’ आणि ‘ड्रायव्हिंग’ जागचे हलले नाहीत; ती नॉन-फायनाइट रूपं, मराठीतल्या ‘शिकायला’, ‘चालवणं’ यांच्या जातीची.

ही काळ बदलण्याची चाचणी जवळजवळ सगळीकडे चालते. कट, पुट, हिट अशा थोड्या क्रियापदांचं भूतकाळी रूप मूळ रूपासारखंच असतं. तिथे कर्ता ‘ही’ करा आणि वर्तमानात एस लागतो का ते बघा: ‘ही कट्स’. लागला, म्हणजे तेच क्रियापद.

बऱ्याचदा क्रियापद एका शब्दाचं नसतं. ‘द लेटर मे हॅव बीन पोस्टेड’ यात ‘पोस्टेड’ हे मुख्य क्रियापद आणि त्याच्या आधीची तीन हेल्पिंग व्हर्ब्ज म्हणजे सहायक क्रियापदं. यांना पुस्तकांत ऑक्झिलरी असंही म्हणतात. त्यांची संख्या मर्यादित असल्यामुळे ती पाठच करावीत. एक कुटुंब ‘बी’चं: बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीन, बीइंग. दुसरं ‘हॅव’चं, तिसरं ‘डू’चं. आणि मोडल्स नऊ: कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. बी, हॅव आणि डू एकटीही राहू शकतात. ‘शी इज टायर्ड’ यात ‘इज’च मुख्य क्रियापद आहे, मदतनीस नाही.

इथे एक नियम असा आहे की तो कळला तर निम्म्या चुका आपोआप थांबतात: काळाची खूण एकदाच लागते आणि ती पहिल्या शब्दावर लागते. ‘शी वेंट’ बरोबर. नकार द्यायचा झाला तर ‘डिड’ येतं, भूतकाळ ते आपल्याकडे घेतं, आणि मागचं क्रियापद मूळ रूपात परत जातं: ‘शी डिड नॉट गो’. ‘डिड नॉट वेंट’ म्हणजे भूतकाळ दोनदा. तसंच मोडलनंतर मूळ रूप. ‘शी कॅन स्विम’, कधीही ‘कॅन स्विम्स’ नाही.

दुसरी पायरी: कर्ता, आणि मराठी माणसाच्या अडचणी

क्रियापद सापडलं की वाक्याचा प्रश्न करा. ‘द बॉइज इन द लास्ट रो आर टॉकिंग’ याचा प्रश्न होतो ‘आर द बॉइज इन द लास्ट रो टॉकिंग?’ ‘आर’ने उडी मारून जे सगळं ओलांडलं, म्हणजे ‘द बॉइज इन द लास्ट रो’, तो अख्खा गट कर्ता. त्याच्या जागी ‘दे’ बसतं का तेही बघा. बसतं.

पण क्रियापद जुळतं ते या गटातल्या म्होरक्याशी. ‘द बॉक्स ऑफ बुक्स इज हेवी’ यात पुस्तकं अनेक असली तरी जड आहे ती पेटी, म्हणून ‘इज’. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्हज हिअर’ यातही तेच. मित्र अनेक, म्हणून ‘फ्रेंड्स’. त्यांतला राहतो एक, म्हणून ‘लिव्हज’. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ हे सर्रास कानावर पडतं, तरी ते चूकच.

आता आपल्या खास अडचणी. या कुठल्याही इंग्रज लेखकाच्या पुस्तकात सापडणार नाहीत, कारण त्याला त्या येतच नाहीत. ‘मला गाणं आवडतं’, ‘मला गाणी आवडतात’. मराठीत क्रियापद गाण्याबरोबर बदललं. ‘मला’ला त्याचं काही सोयरसुतक नाही. इंग्रजीत आवड ज्याला असते तोच कर्ता: ‘आय लाइक द साँग’, ‘आय लाइक द साँग्ज’. ‘मला ताप आहे’, ‘माझ्याकडे वेळ आहे’, ‘तिला दोन भाऊ आहेत’ ही सगळी वाक्यं इंग्रजीत जाताना माणसाला कर्ता करतात आणि ‘हॅव’ घेतात. ‘तिने पत्र लिहिलं, तिने कविता लिहिली’ यातही आपलं क्रियापद कर्माचं ऐकतं. इंग्रजी क्रियापद फक्त कर्त्याचं ऐकतं, त्यामुळे दोन्हीकडे ‘रोट’च.

शिवाय आपण कर्ता बिनदिक्कत गाळतो. ‘काल गेलो होतो’ म्हटलं की कोण गेलं हे ‘गेलो’ सांगतं. इंग्रजी ‘वेंट’ काहीच सांगत नाही, म्हणून तिथे ‘आय’ म्हणावंच लागतं. इतकंच काय, कर्ता मुळात नसला तरी इंग्रजी ती जागा रिकामी ठेवत नाही: ‘उशीर झालाय’ याला ‘इट इज लेट’, ‘टेबलावर किल्ली आहे’ याला ‘देअर इज अ की ऑन द टेबल’. या ‘इट’ला आणि ‘देअर’ला इथे अर्थ शोधू नका, त्यांनी फक्त जागा धरलीय. आज्ञा तेवढी सुटते. ‘क्लोज द डोअर’ यात ‘यू’ गृहीत आहे.

कर्ता बाजूला काढल्यावर जे उरतं त्याला प्रेडिकेट म्हणजे विधेय म्हणतात.

तिसरी पायरी: क्रियापदानंतर काय आलंय?

कधी काहीच येत नाही: ‘द बेबी स्लेप्ट.’ हे इन्ट्रान्झिटिव्ह, अकर्मक. कधी कर्म येतं: ‘शी ओपन्ड द विंडो.’ हे ट्रान्झिटिव्ह, सकर्मक. आणि कधी क्रियापदानंतर नाम येतं, पण ते कर्म नसतं. ‘शी इज अ डॉक्टर’ यात ती आणि डॉक्टर एकच व्यक्ती. कर्त्याबद्दलच काहीतरी सांगून वाक्य पुरं करणाऱ्या या भागाला कॉम्प्लिमेंट म्हणजे पूरक म्हणतात. बी, बिकम, सीम यांच्यानंतर पूरक येतं, आणि ते विशेषणही असू शकतं: ‘शी सीम्स हॅपी.’ ‘हॅपिली’ का नाही, याचं उत्तर इथेच आहे. ते क्रियेबद्दल बोलत नाही, ‘शी’बद्दल बोलतं.

दोन वाक्यं शेजारी ठेवा. ‘दे मेड हर टी.’ ‘दे मेड हर कॅप्टन.’ बाहेरून सारखीच. पहिल्यात तिच्यासाठी चहा केला. म्हणजे दोन कर्मं आहेत, ‘टी’ हे डायरेक्ट ऑब्जेक्ट आणि ‘हर’ हे इन्डायरेक्ट ऑब्जेक्ट. दुसऱ्यात तिलाच कॅप्टन केलं. ‘हर’ हे कर्म आणि ‘कॅप्टन’ त्या कर्माचं पूरक. चाचणी म्हणून दोघांमध्ये ‘इज’ घालून बघा. ‘शी इज कॅप्टन’ पटतं, ‘शी इज टी’ पटत नाही.

कर्ता-क्रियापद, कर्ता-क्रियापद-पूरक, कर्ता-क्रियापद-कर्म, कर्ता-क्रियापद-दोन कर्मं आणि कर्ता-क्रियापद-कर्म-पूरक असे पाच साचे हाती आले. मुलाखतीतलं असो वा बातमीतलं, सरळ इंग्रजी वाक्य बहुधा यांपैकीच एका साच्यात बसतं. कुठे, केव्हा, कसं सांगणारे तुकडे त्याला वरून जोडलेले असतात. ते काढून टाकले तरी सांगाडा सहसा शाबूत राहतो.

चौथी पायरी: आता त्या आठ जाती

नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी ही शाळेतल्या मराठीची यादी इथे बहुतांशी तशीच चालते. आजची बरीच व्याकरणं अ, द, धिस, माय, सम अशा नामाआधी येणाऱ्या शब्दांचा डिटर्मिनर नावाचा वेगळा गट करतात. मला तो सोयीचा वाटतो.

एकच शब्द किती रूपं घेतो बघा. ‘माय बॅक हर्ट्स’ यात ‘बॅक’ नाम. ‘द बॅक डोअर’ यात विशेषणाचं काम. ‘कम बॅक’ यात क्रियाविशेषण. ‘आय बॅक यू’ यात क्रियापद. म्हणून ‘बॅक म्हणजे कुठली जात?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या वाक्यातलं, हे सांगावं लागतं. शब्दाच्या शेवटावर विसंबणंही धोक्याचं. एलवाय दिसलं की क्रियाविशेषण असं शिकवतात, पण ‘फ्रेंडली’ आणि ‘लव्हली’ ही विशेषणं आहेत. उलट ‘रन फास्ट’ यातलं ‘फास्ट’ एलवाय नसतानाही क्रियाविशेषण. आणि ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्ट करतो, ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही. वरिष्ठांना पत्र लिहिताना हा फरक सांभाळा.

प्रीपोझिशन म्हणजे आपलं शब्दयोगी, फक्त उलट्या बाजूला. ‘टेबलावर’ यात ‘वर’ नामाच्या मागे चिकटतं, ‘ऑन द टेबल’ यात ‘ऑन’ पुढे आणि सुटं उभं राहतं. प्रीपोझिशननंतर सर्वनामाचं कर्माचं रूप येतं: ‘विथ मी’, ‘फॉर हिम’, आणि म्हणूनच ‘बिटवीन यू अँड मी’.

आयएनजी हा सगळ्यात फसवा शेवट. ‘पोहणं’, ‘पोहतेय’, ‘पोहणारा’ अशी मराठीत तीन वेगळी रूपं आहेत. इंग्रजीत तिन्हींना ‘स्विमिंग’. ‘स्विमिंग इज फन’ यात ते नामाचं काम करतं, त्याला जेरंड म्हणतात. ‘शी इज स्विमिंग’ यात ‘इज’च्या जोडीने क्रियापद होतं, आणि ‘अ स्विमिंग डॉग’ यात कुत्र्याचं वर्णन करतं; या दोन्ही ठिकाणी त्याचं नाव प्रेझेंट पार्टिसिपल. ओळखायचं कसं? मनात मराठी करा. ‘पोहणं’ आलं की जेरंड.

पाचवी पायरी: फ्रेज आणि क्लॉज

जिथे स्वतःचा कर्ता आणि फायनाइट क्रियापद आहे तो क्लॉज. ‘इन द लास्ट रो’ ही नुसती फ्रेज. तीत क्रियापद नाही. ‘बिकॉज इट वॉज रेनिंग’ हा क्लॉज, पण तो एकटा उभा राहत नाही, म्हणून सबॉर्डिनेट म्हणजे गौण. एकटा उभा राहतो तो मुख्य क्लॉज. नुसता एक मुख्य क्लॉज असला, गौण नसला, की सिंपल सेंटेन्स म्हणजे केवल वाक्य. दोन मुख्य क्लॉज अँड, बट, ऑर, सो अशांनी जोडले की कंपाउंड म्हणजे संयुक्त. मुख्याला गौण जोडला की कॉम्प्लेक्स म्हणजे मिश्र. लांबीचा याच्याशी संबंध नाही. तीन ओळींचं वाक्यही सिंपल असू शकतं.

दोन क्लॉज जोडायला एक जोडशब्द पुरे. आपल्याकडे ‘जरी… तरी’ आणि ‘जेव्हा… तेव्हा’ जोडीने येतात, त्या सवयीने ‘ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम’ असं लिहिलं जातं. ‘ऑल्दो’ तरी ठेवा नाहीतर ‘बट’ तरी.

सहावी पायरी: काळ

बारा नावांची भीती नको. प्रत्येक नाव दोन तुकड्यांचं असतं. पहिला तुकडा वेळ सांगतो: प्रेझेंट, पास्ट, फ्यूचर. दुसरा तुकडा क्रिया कशी बघितली आहे ते सांगतो: सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट, परफेक्ट कंटिन्युअस. तीन गुणिले चार, झाले बारा. ‘बी’ आणि आयएनजी दिसलं की कंटिन्युअस. ‘हॅव’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप (गो, वेंट, गॉन यांतलं ‘गॉन’) दिसलं की परफेक्ट. ‘हॅव बीन’ आणि आयएनजी दिसलं की परफेक्ट कंटिन्युअस. वेळ कळते पहिल्या शब्दावरून: ‘हॅड बीन वेटिंग’ यात ‘हॅड’ भूतकाळी, म्हणून पास्ट परफेक्ट कंटिन्युअस. ‘बी’ आणि तिसरं रूप एकत्र दिसलं तर तो काळ नव्हे, तो पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग.

मराठीवरून इंग्रजी काळ ठरवताना दोन ठिकाणी घसरायला होतं. ‘मी रोज चालायला जात असतो’ याला ‘आय ॲम गोइंग’ नको, ‘आय गो’ हवं. सवयीला सिंपल प्रेझेंट. आणि ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ हे मराठीत खपतं, पण ‘यस्टरडे’ आलं की इंग्रजीत परफेक्ट चालत नाही: ‘आय सॉ हिम यस्टरडे’.

सराव कसा करायचा

रोज कुठल्याही मजकुरातली पाच वाक्यं पुरेत. फायनाइट क्रियापदाखाली दोन रेघा, कर्त्याखाली एक, आणि क्लॉजभोवती कंस. शेजारी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश ठेवा. त्यातली अक्षरं वाचायची सवय लावा. अशा बऱ्याच कोशांत क्रियापदापुढे टी म्हणजे सकर्मक, आय म्हणजे अकर्मक. नामापुढे सी म्हणजे मोजता येणारं, यू म्हणजे न मोजता येणारं. ‘फर्निचर’, ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’ यांच्यापुढे यू दिसेल, म्हणजे त्यांना अनेकवचनाचा एस लावायचा नाही.

एक वाक्य इथेच करून बघू: ‘व्हेन द लाइट्स गो आउट, द नर्स हू इज ऑन ड्यूटी लाइट्स अ कँडल.’ काळ मागे न्या: ‘वेंट’, ‘वॉज’, ‘लिट’. तीन शब्द बदलले, म्हणजे तीन फायनाइट क्रियापदं आणि तीन क्लॉज. मुख्य कुठला? ‘व्हेन’ने सुरू झालेला एकटा उभा राहत नाही, ‘हू’वालाही नाही. उरतं ‘द नर्स लाइट्स अ कँडल’: कर्ता, सकर्मक क्रियापद, कर्म. ‘हू इज ऑन ड्यूटी’ हा क्लॉज कुठली नर्स ते सांगतो, म्हणजे विशेषणाचं काम करतो. ‘व्हेन’चा क्लॉज केव्हा ते सांगतो, म्हणजे क्रियाविशेषणाचं.

आता दोन ‘लाइट्स’ बघा. पहिल्याच्या आधी ‘द’ आहे आणि काळ बदलला तरी ते हललं नाही: नाम, आणि त्याचा एस अनेकवचनाचा. दुसरं ‘लिट’ झालं: क्रियापद, आणि त्याचा एस कर्ता एकवचनी असल्याचा. नर्स दोन असत्या तर क्रियापदाचा एस गळून ‘द नर्सेस लाइट’ झालं असतं. राहिलं ‘आउट’. ते ‘गो’बरोबरच वाचायचं, कारण ‘गो आउट’ मिळून विझण्याचा अर्थ होतो. अशा जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात, आणि कोशात ती ‘गो’च्या नोंदीत शेवटाकडे सापडते.